समुद्रशैवाल आणि व्रणबंधन : अल्जिनेट या द्रव्याच्या इतिहासाचा विचार

१

वैद्यकातील एखाद्या साधनाचा इतिहास लिहिताना दोन प्रमाद हातून सहज घडतात. पहिला प्रमाद म्हणजे आजच्या साधनाचे मूळ अतिप्राचीन काळात नेऊन बसविणे. दुसरा म्हणजे द्रव्याचा शोध आणि त्याचा उपयोग यांच्यामध्ये एक सरळ रेषा ओढून मोकळे होणे. समुद्रशैवालापासून मिळणाऱ्या अल्जिनेट या बहुशर्करेचा, म्हणजे शर्करासदृश घटकांच्या लांब साखळ्यांनी बनलेल्या द्रव्याचा, व्रणबंधनाकडे जो उपयोग होतो, त्याच्या कथनात हे दोन्ही प्रमाद वारंवार आढळतात. दर्यावर्दी लोक जखमांवर शैवाल बांधीत असत, असे वाक्य प्रारंभी येते. त्यानंतर १८८१ हे साल येते. आणि पुढच्याच वाक्यात आजची रुग्णालयातील मऊ, पांढरी, लोकरीसारखी पट्टी अवतरते. प्रत्यक्षात त्या खलाशांच्या परंपरेशी, ती असलीच तर, आजच्या पट्टीचा काही संबंध दाखविता येत नाही. १८८१ पासून १९८३ पर्यंत जी शंभराहून अधिक वर्षे गेली, तीही रिकामी नव्हती.

या शतकभराच्या विलंबाचे कारण काय, हाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे. द्रव्य हाताशी होते, त्याचे गुण बव्हंशी माहीत होते, ते जखमेवर वापरूनही पाहिले गेले होते. तरीही ते व्रणचिकित्सेत स्थिर झाले नाही. याचे उत्तर द्रव्याच्या इतिहासात जितके आहे तितकेच ‘जखम’ या कल्पनेच्या इतिहासातही आहे. तो शोधताना काही शब्दांचा मागोवा घेणे उपयुक्त ठरते. कारण एखादी वस्तू कोणत्या नावाने ओळखली जाते यावरून त्या वस्तूकडून लोकांची अपेक्षा काय होती हे पुष्कळदा कळून येते.

२

लॅटिन भाषेतील ‘आल्गा’ हा शब्द समुद्राने किनाऱ्यावर टाकून दिलेल्या गवतवजा वनस्पतीचा वाचक होता. रोमन कवींच्या लेखी आल्गा ही क्षुद्रपणाची परिसीमा होती. एखादी गोष्ट कवडीमोल आहे असे सांगावयाचे झाल्यास ती आल्गाहूनही हलकी आहे असे ते म्हणत. संस्कृतातील ‘शैवल’ किंवा ‘शैवाल’ याच्या वाट्याला इतकी अवहेलना आली नाही. तथापि काव्यातील शैवल हे तळ्यातल्या कमळाला वेढणारे आहे, समुद्रातले नव्हे. त्यापासून आलेला मराठी ‘शेवाळ’ हा शब्द विहिरीच्या पायरीवरील निसरडा थर आणि कोकणच्या खडकावरील तपकिरी झुडूप या दोहोंना सारखाच लावला जातो. व्यापारामुळे वस्तूला जे निश्चित नाव मिळते, ते येथे मिळालेले नाही.

ज्या किनाऱ्यावर समुद्रशैवालाचा मोठा व्यापार झाला तेथे मात्र नावही निराळे झाले. स्कॉटलंडच्या उत्तरेकडील व पश्चिमेकडील बेटांवर ‘केल्प’ हा शब्द वनस्पतीला आणि ती जाळून उरणाऱ्या राखेलाही वापरला जाई; आणि व्यापाऱ्याच्या तोंडी केल्प म्हणजे मुख्यतः राखच. ऑर्कनी बेटांतील स्ट्रॉन्से येथे जेम्स फी याने १७२२ मध्ये हा धंदा सुरू केला. शैवाल वाळवून, दगडांनी बांधलेल्या उथळ खड्ड्यांत तासन् तास जाळीत. तप्त राखेचा लगदा ढवळून थंड केला की तिची कठीण ढेप बनत असे. एक टन राखेसाठी सुमारे वीस टन ओले शैवाल लागे. या राखेतील सोडा आणि पोटॅश काच, साबण व तुरटी यांच्या कारखान्यांना हवे होते. धुराने पिके नासतील व मासे दूर जातील या भीतीने स्ट्रॉन्सेच्या शेतकऱ्यांनी १७४२ मध्ये दंगाही केला. परंतु जमीनदारांच्या नफ्यापुढे तो टिकला नाही.

नेपोलियनशी झालेल्या युद्धांच्या काळात स्पेनमधून येणारी बॅरिला नावाची सोड्याची राख दुर्मिळ झाली आणि स्कॉटलंडमधील केल्पचा भाव टनाला वीस पौंडांवर गेला. थंडगार पाण्यात कमरेइतके उभे राहून शैवाल कापणाऱ्या कुळांच्या हाती त्यातील फार थोडा भाग पडे. उरलेला जमीनदाराकडे जाई. मजूर बेटे सोडून जाऊ नयेत हे जमीनदारांच्या हिताचे होते. १८०३ च्या प्रवासी नौकांविषयीच्या कायद्याने परदेशगमनाचा खर्च वाढला, त्यामागे माणुसकीच्या कारणांबरोबर हे हितही होते, असे इतिहासकार मानतात. १८१५ नंतर चित्र पालटले. युद्ध संपले, परकी बॅरिलावरील जकात कमी झाली, मिठावरील कर उठला आणि मिठापासून सोडा बनविण्याची लेब्लांची रीत स्वस्त ठरली. केल्पचा भाव कोसळला. ज्या कुळांना काल अडवून धरले होते त्यांनाच आता अतिरिक्त लोकसंख्या म्हणून बेटांवरून हुसकून लावण्यात आले. एका वनस्पतीच्या राखेवर हजारो माणसांचे वसणे आणि उठणे अवलंबून होते, ही गोष्ट अल्जिनेटच्या इतिहासकाराने विसरता कामा नये. कारण पुढे जे द्रव्य सापडले ते याच मोडकळीस आलेल्या धंद्याला सावरण्याच्या खटपटीतून सापडले.

३

राखेनंतरचा दुसरा टप्पा आयोडीनचा. फ्रान्समध्ये बर्नार कुर्त्वा हा सोऱ्याचा उत्पादक १८११ मध्ये शैवालाच्या राखेवर काम करीत असता त्याला जांभळी वाफ दिसली. पुढे गे-ल्युसॅकने ग्रीक भाषेतील जांभळा या अर्थाच्या शब्दावरून या मूलद्रव्याला नाव दिले. आयोडीनचा अर्क एकोणिसाव्या शतकात जखमांवर लावला जाऊ लागला, आणि १९०८ मध्ये इटालियन शस्त्रवैद्य अंतोनियो ग्रोसिक याने शस्त्रक्रियेपूर्वी त्वचेला आयोडीन लावण्याची पद्धत प्रचारात आणली. म्हणजे समुद्रशैवाल आणि जखम यांची आधुनिक वैद्यकातील पहिली गाठ पडली ती अल्जिनेटमुळे नव्हे, तर आयोडीनमुळे. आणि ती शैवालाचा सेंद्रिय भाग संपूर्णपणे जाळून टाकल्यानंतरच.

हा सेंद्रिय भाग व्यर्थ जातो, ही गोष्ट एडवर्ड चार्ल्स कॉर्टिस स्टॅनफर्ड या इंग्रज रसायनज्ञाला खुपत होती. १८६२ मध्ये लंडनच्या सोसायटी ऑफ आर्ट्सपुढे वाचलेल्या निबंधात त्याने शैवाल उघड्यावर जाळण्याच्या रीतीवर टीका केली. तीत आयोडीनचाही मोठा अंश उडून जातो, हे त्याने दाखविले. बंदिस्त भांड्यात शैवालाचा कोळसा करण्याची रीत त्याने प्रथम योजिली. पुढे चिली देशातील सोऱ्याच्या खाणींतून आयोडीन स्वस्त मिळू लागले आणि शैवालापासून त्याहून अधिक काही मिळविणे भाग झाले. तेव्हा स्टॅनफर्डने शैवाल न जाळता ते धुण्याच्या सोड्याच्या द्रावणात भिजवून पाहिले. पाने विरघळून एक चिकट, दाट द्रव तयार झाला. त्यात आम्ल घालताच जेलसारखा साका खाली बसला. १८८१ मध्ये त्याने या प्रक्रियेचे पेटंट घेतले, १८८३ मध्ये त्यासंबंधी निबंध प्रसिद्ध केला आणि ‘आल्गा’ या शब्दावरून या द्रव्याला ‘अल्जिन’ असे नाव दिले. रोमन कवींनी कवडीमोल ठरविलेल्या वस्तूचे नाव अशा रीतीने एका मोलाच्या द्रव्याला मिळाले.

येथे एक क्रम लक्षात घेण्यासारखा आहे. राखेसाठी शैवाल पूर्ण जाळावे लागे. कोळशाच्या रीतीत ते अर्धवट जळे. अल्जिनच्या रीतीत ते मुळीच जळत नाही. दीडशे वर्षांत या धंद्याने विनाशाकडून जतनाकडे पावले टाकली, आणि द्रव्याचा स्वाभाविक गुण हाती आला तो अगदी शेवटच्या पावलाला. असे असूनही स्टॅनफर्डचा भर कापडाला खळ देणे, द्रव दाट करणे यांसारख्या उपयोगांवर होता. त्याच्या समजुतीप्रमाणे या द्रव्यात नायट्रोजनही होता. नॉर्वेच्या अॅक्सेल क्रेफ्टिंग याने १८९६ मध्ये नायट्रोजनविरहित शुद्ध आम्ल तयार केले आणि शैवाल या अर्थाच्या ‘टांग’ या नॉर्वेजियन शब्दावरून त्याला वेगळे नाव दिले. ते नाव मागे पडले, स्टॅनफर्डचे टिकले. द्रव्याचे ज्ञान मात्र नॉर्वेजियन संशोधनाने पुढे नेले.

४

अल्जिनेटचा वैद्यकात प्रवेश कसा झाला हे समजण्यासाठी त्याचा एक गुणधर्म ध्यानात ठेवणे अवश्य आहे. अल्जिनिक आम्लाचे सोडियम लवण पाण्यात विरघळते. कॅल्शियम लवण विरघळत नाही. सोडियम अल्जिनेटचे दाट द्रावण बारीक छिद्रांतून कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडले की सोडियमची जागा कॅल्शियम घेते आणि धारेचा तत्काळ तंतू बनतो. उलट, असा तंतू सोडियमयुक्त द्रवात ठेवला की कॅल्शियम बाहेर पडू लागते आणि तंतू फुगून पुन्हा जेलसारखा होतो. ही देवाणघेवाण दोन्ही दिशांनी होते. अल्जिनेटचा पुढचा सर्व इतिहास या एका वाक्यात सामावलेला आहे, असे म्हणावयास हरकत नाही.

१९२९ मध्ये कॅलिफोर्नियातील सॅन डिएगो येथे केल्को या कंपनीने अल्जिनेटचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन सुरू केले. आईस्क्रीमसारख्या खाद्यपदार्थांना स्थिरता आणण्यासाठी त्याला मागणी आली. स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर पुढच्या दशकात सेफॉइल या कंपनीने शैवालापासून पारदर्शक कागद बनविण्याचा उपक्रम हाती घेतला. दुसऱ्या महायुद्धात परदेशी मालाची आवक तुटल्याने ब्रिटिश सरकारने या धंद्याला पाठबळ दिले. अल्जिनेटच्या सुतापासून लष्करी छपवणुकीच्या जाळ्या करता येतील, ही त्यामागील एक अपेक्षा होती. लीड्स येथे स्पीकमन आणि चेंबरलेन यांनी अल्जिनिक आम्लापासून कृत्रिम रेशमासारखे सूत काढण्याच्या पद्धतीचा निबंध १९४४ मध्ये प्रसिद्ध केला.

हे सूत दिसावयास सुरेख होते आणि सहजासहजी पेट घेत नसे. परंतु वस्त्र म्हणून त्यात एक मोठा दोष होता. साबण आणि सोडा यांच्या पाण्यात कॅल्शियम अल्जिनेट विरघळून जात असे. जे कापड पहिल्याच धुलाईत नाहीसे होते त्याचा सदरा कोण शिवणार? वस्त्रोद्योगाने या दोषातूनही थोडा उपयोग काढला. विणताना काही काळच हवे असणारे आधाराचे धागे अल्जिनेटचे घालावयाचे आणि मागाहून धुऊन काढावयाचे, अशी युक्ती निघाली. सलग विणलेले मोजे एकमेकांपासून सुटे करण्यासाठी असे धागे वापरले गेले. पण याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, साबणाच्या पाण्यात जो दोष ठरला तोच मनुष्याच्या रक्तात व लसीत गुण ठरणार होता. कारण शरीरातील द्रवांतही सोडियम विपुल आहे.

ही गोष्ट पद्धतशीरपणे तपासणाऱ्यांत ब्रिटिश सैन्याच्या वैद्यकीय दलातील जॉर्ज ब्लेन याचे नाव प्रथम घेतले पाहिजे. १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निबंधात त्याने जेल, पापुद्रा, जाळीदार कापड आणि फेस या चार रूपांतील अल्जिनेटचे प्रयोग मांडले. १९४८ मध्ये कानाच्या शस्त्रक्रियेतील जखमांसंबंधी पासे याच्यासमवेत, आणि १९५० मध्ये मेंदूच्या शस्त्रक्रियेतील रक्तस्राव थांबविण्यासंबंधी ऑलिव्हर याच्यासमवेत त्याने निबंध लिहिले. द्रव्य शरीराला फारसे उपद्रवकारक नाही आणि ते रक्त थांबविण्यास साहाय्य करते, असा अनुकूल अनुभव त्यांतून पुढे आला. अल्जिनेटच्या व्रणबंधनाचा इतिहास येथेच पूर्ण व्हावयास हवा होता. तसे झाले नाही.

५

ब्लेनच्या निबंधाच्या शीर्षकातच अल्जिनेटचे वर्णन ‘शोषून जाणारी’ द्रव्ये असे केलेले आहे. शस्त्रवैद्यांना त्या काळी हवे होते ते शरीराच्या आत ठेवून देता येईल आणि कालांतराने आपोआप नाहीसे होईल असे रक्तस्तंभक द्रव्य. या शर्यतीत अल्जिनेट एकटे नव्हते. १९४० नंतरच्या दशकातच ऑक्सिडीकृत सेल्युलोज आणि जिलेटिनचा स्पंज ही दोन द्रव्ये पुढे आली आणि त्यांनी ती जागा घेतली. म्हणजे अल्जिनेटला जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर अन्य द्रव्यांनी अधिक समाधानकारक दिले. जो प्रश्न विचारला जावयास हवा होता, तो अद्याप कोणाच्या मनात स्पष्टपणे उभा राहिला नव्हता.

तो का राहिला नाही, हे समजण्यासाठी जखमेच्या कल्पनेकडे वळले पाहिजे. जखम झाकावी की उघडी ठेवावी, हा वाद जुना आहे. सुश्रुताने सूत्रस्थानात चौदा प्रकारचे बंध सांगितले आणि त्याच अध्यायात अग्नीने किंवा क्षाराने दग्ध झालेल्या व्रणांसारखे काही व्रण बांधू नयेत, असाही नियम घातला; बंधन हा सरसकट विधी नसून व्रणाचा प्रकार पाहून करावयाचा निर्णय आहे, अशी त्याची दृष्टी आहे. युरोपात लिस्टरने १८६७ मध्ये कार्बॉलिक आम्लाच्या उपयोगाचे निबंध प्रसिद्ध केल्यापासून सर्व विचार जंतूंभोवती केंद्रित झाला. १८८० मध्ये गॅमजी याने स्राव शोषून घेणाऱ्या कापसाची गादी प्रचारात आणली. जंतूंना ओल हवी असते, म्हणून जखम कोरडी राहिली पाहिजे. खपली ही निसर्गाने घातलेली पट्टी आहे. मनुष्याने घातलेल्या पट्टीचे काम ओल टिपून घेणे आणि बाहेरची घाण आत येऊ न देणे एवढेच, असा हा सिद्धांत होता. पट्टीकडे यात पहारेकऱ्याची भूमिका आहे. जखम भरण्याच्या क्रियेत तिचा सहभाग नाही. ओल धरून ठेवणारे आणि स्वतःच जेल बनणारे द्रव्य या सिद्धांताला मानवणारे नव्हते.

हा सिद्धांत मुळापासून हलला तो १९६२ मध्ये. जॉर्ज विंटर याने ‘नेचर’ या नियतकालिकात डुकराच्या त्वचेवरील उथळ जखमांचा प्रयोग प्रसिद्ध केला. काही जखमा त्याने उघड्या ठेवल्या. काहींवर पॉलिथीनचा पातळ पापुद्रा घालून ओल आतच राहू दिली. झाकलेल्या जखमांवर नवी बाह्यत्वचा सुमारे दुप्पट वेगाने पसरली. कारणही प्रयोगातूनच उघड झाले. वाळलेल्या खपलीखालून नव्या पेशींना खोल ओल्या थरातून वाट काढीत जावे लागते. ओल्या पृष्ठभागावर त्या सरळ पसरत जातात. १९६३ मध्ये हिनमन आणि मायबाक यांनी मनुष्याच्या त्वचेवरही असाच अनुभव नोंदविला. खपली ही निसर्गाची पट्टी नसून वाटेतला अडथळा आहे, हा विचार शस्त्रवैद्यांच्या पचनी पडण्यास आणखी काही वर्षे लागली.

इंग्रजीत पट्टीला ‘ड्रेसिंग’ म्हणतात. हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला असून त्याचे मूळ लॅटिनमधील सरळ, नीट या अर्थाच्या शब्दात आहे. वस्त्र नेसविणे हा त्याचा नंतरचा अर्थ होय. जखमेचे ‘ड्रेसिंग’ म्हणजे मुळात जखम नीट लावणे, तिची व्यवस्था पाहणे. लिस्टरनंतरच्या काळात हा मूळ अर्थ मागे पडून आच्छादनाचा अर्थ बळावला होता. विंटरच्या प्रयोगाने पट्टीला तिचे जुने काम परत दिले, असे शब्दाच्या इतिहासाकडे पाहून म्हणता येईल.

६

एकीकडे जखमेची कल्पना अशी पालटत असता दुसरीकडे द्रव्याचे ज्ञानही परिपक्व होत होते. अल्जिनिक आम्लात मॅन्युरॉनिक आम्ल असते हे १९३० च्या सुमारास निश्चित झाले होते. फिशर आणि डोर्फेल या जर्मन संशोधकांनी १९५५ मध्ये त्यात ग्युलुरॉनिक आम्ल हा दुसरा घटकही असल्याचे दाखविले. नॉर्वेतील ट्रॉनहाइम येथे हाउग, लार्सेन आणि स्मिड्सरॉड यांनी १९६० नंतरच्या दशकात हे दोन घटक साखळीत कसे मांडलेले असतात याचा उलगडा केला. काही भागांत केवळ पहिला, काहींत केवळ दुसरा आणि काहींत दोन्ही आळीपाळीने, अशी ती रचना आहे. घटकांचे प्रमाण शैवालाच्या जातीनुसार आणि भागानुसार बदलते. १९७३ मध्ये ग्रँट, मॉरिस, रीस आणि त्यांचे सहकारी यांनी कॅल्शियम या साखळ्यांना कसे बांधते याचे चित्र मांडले. ग्युलुरॉनिक घटकांच्या नागमोडी साखळ्या समोरासमोर आल्या म्हणजे त्यांच्यामध्ये खळगे तयार होतात आणि अंड्यांच्या पेटीत अंडी बसावीत तसे कॅल्शियमचे आयन त्यांत बसतात, ही ती उपमा होय.

या ज्ञानाचा व्रणबंधनाशी थेट संबंध आहे. ज्या शैवालात ग्युलुरॉनिक घटक अधिक, त्याचा तंतू कॅल्शियमला घट्ट धरून ठेवतो, फुगूनही आपला आकार सोडत नाही आणि पट्टी अखंड उचलून काढता येते. ज्यात मॅन्युरॉनिक घटक अधिक, त्याचे जेल मऊ होते आणि ते मिठाच्या पाण्याने धुऊन काढता येते. कोणत्या खडकावरचे शैवाल कापले, यावर रुग्णाच्या जखमेवरील पट्टी कशी निघेल हे काही अंशी अवलंबून असते.

१९८३ मध्ये ब्रिटनमध्ये सॉर्बसन ही कॅल्शियम अल्जिनेटच्या तंतूंची पट्टी विक्रीस आली, आणि गिलख्रिस्ट व मार्टिन यांनी तिच्यावरील अनुभवाचा निबंध त्याच वर्षी प्रसिद्ध केला. पाठोपाठ काल्टोस्टॅट ही कॅल्शियम व सोडियम अशा मिश्र अल्जिनेटची पट्टी आली. यांत रासायनिकदृष्ट्या असे फारसे काही नव्हते की जे ब्लेनच्या काळी अज्ञात होते. जखमेतील स्रावाचे सोडियम तंतूत शिरते, तंतूतील कॅल्शियम स्रावात उतरते. तंतू जेल बनून जखमेचा पृष्ठभाग ओला ठेवतो आणि जादा स्राव धरून ठेवतो. बाहेर पडलेले कॅल्शियम रक्त गोठण्याच्या क्रियेला साहाय्य करते. पट्टी जखमेला चिकटून न राहिल्याने ती बदलताना नवी त्वचा ओरबाडली जात नाही. वस्त्रोद्योगाने ज्या गुणामुळे हे सूत टाकून दिले होते, तोच गुण येथे सर्व कार्याचा आधार आहे.

या पट्टीच्या यशाचे मोजमापही संयमाने केले पाहिजे. त्वचारोपणासाठी जेथून त्वचा काढली जाते त्या जागेवर कॅल्शियम अल्जिनेटने जखम लवकर भरते, असा निष्कर्ष ॲटवुड याने १९८९ मध्ये मांडला. परंतु मधुमेही रुग्णांच्या पायांवरील जखमांविषयी उपलब्ध चाचण्यांचे जे एकत्रित परीक्षण कॉक्रेन या संस्थेने २०१३ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात अन्य पट्ट्यांच्या तुलनेत अल्जिनेटने जखमा अधिक भरतात असा पुरावा आढळला नाही. कोरड्या जखमेवर तर ही पट्टी निरुपयोगी आहे, कारण देवाणघेवाणीला लागणारा स्रावच तेथे नसतो. पुष्कळ स्राव असणारी जखम हेच अल्जिनेटचे खरे क्षेत्र. सुश्रुताचा दृष्टिकोन, म्हणजे प्रथम व्रण पाहावा आणि मग बंध ठरवावा, या ठिकाणी आधुनिक अनुभवाशी जुळतो. मात्र या जुळण्याला वंशपरंपरा समजण्याची चूक करू नये.

७

समुद्रशैवालाची दुसरी एक बहुशर्करा जखमेच्या इतिहासात निराळ्या वाटेने आली, तिचा येथे ओझरता उल्लेख करणे योग्य होईल. लाल शैवालापासून मिळणारे ‘अगर’ हे मूळ मलाय भाषेतील ‘अगर-अगर’; महाराष्ट्रातील घरांत ते चायना ग्रास या नावाने परिचित आहे. कोकणातील ‘आगर’, मग ते मिठाचे असो वा नारळीचे, हा संस्कृत ‘आकर’ या शब्दाचा वंशज असून त्याचा मलाय शब्दाशी काही संबंध नाही. उच्चारसाम्याने फसू नये. बर्लिन येथे कॉखच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या वाल्थर हेसे याची पत्नी फॅनी हेसे हिच्या सूचनेवरून जंतूंच्या वाढीसाठी अगर वापरले गेले आणि १८८२ पासून ते जंतुशास्त्राचे नित्याचे साधन बनले. स्टॅनफर्डच्या पेटंटचे साल १८८१. म्हणजे साधारण एकाच वेळी एका शैवालाने जखमेतील जंतू ओळखण्याचे साधन दिले आणि दुसऱ्याने जखम बांधण्याचे द्रव्य. पहिल्याचा उपयोग तत्काळ झाला, कारण त्याची वाट पाहणारा प्रश्न आधीच उभा होता. दुसऱ्याला शंभर वर्षे थांबावे लागले, कारण त्याचा प्रश्न अजून जन्मावयाचा होता.

भारतात १९५४ मध्ये भावनगर येथे स्थापन झालेल्या केंद्रीय लवण व समुद्री रसायन संशोधन संस्थेने सरगॅसमसारख्या तपकिरी शैवालांपासून अल्जिनेट काढण्याच्या पद्धतींवर काम केले आहे. सरगॅसम मालवणच्या खडकाळ किनाऱ्यावरही वाढते. परंतु या धंद्याचे मुख्य क्षेत्र तमिळनाडूतील मन्नारच्या आखाताचे. तेथे रामनाथपुरम जिल्ह्यातील कोळी स्त्रिया पाण्यात बुड्या मारून हाताने शैवाल गोळा करीत आल्या आहेत. दोनशे वर्षांपूर्वीच्या स्कॉटिश कुळांची स्थिती आणि या स्त्रियांची स्थिती एकच आहे असे म्हणता येणार नाही. तथापि कारखान्यापर्यंत आणि रुग्णालयापर्यंत पोहोचणाऱ्या द्रव्याची पहिली पायरी दोन्हीकडे सारखीच आहे, आणि द्रव्याच्या इतिहासात ती बहुधा लिहिली जात नाही.

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात असा. अल्जिनेट १८८१ मध्ये सापडले, १९४४ च्या सुमारास त्याचा तंतू झाला, १९४७ मध्ये ते शस्त्रवैद्याच्या हाती आले. परंतु ते व्रणबंधन झाले ते १९६२ नंतर जखमेविषयीचा विचार बदलल्यावरच. द्रव्याचे गुण आणि दोष द्रव्यात असतात खरे, पण कोणता गुण आणि कोणता दोष हे त्याला विचारलेल्या प्रश्नावरून ठरते. विरघळणारे सूत सदऱ्याला नालायक होते आणि जखमेला लायक होते. सूत तेच होते. मराठीत ‘व्रण’ हा शब्द आज बहुधा जखम भरून आल्यावर राहणाऱ्या खुणेला लावला जातो, संस्कृतात तो उघड्या जखमेचाच वाचक होता. एका टोकाच्या अर्थापासून दुसऱ्या टोकाच्या अर्थापर्यंतचे अंतर ज्या ओलीत पार पडते, ती ओल टिकविणे हे पट्टीचे काम आहे, हे समजावयास वैद्यकाला शतक लागले. आणि शैवाल त्या सर्व काळात स्कॉटलंडच्या खडकांवर भरतीओहोटीबरोबर हेलकावत होतेच.